विजेचा सूर आणि विण्याचा पहारा

विजेतून निघालेला सूर देवापुढे चालतो का, हा प्रश्न आमच्या महिला भजनी मंडळात गेल्या आषाढात उठला. माहीमला शीतलादेवीच्या देवळापासून जवळच आमची वाडी आहे. एकादशीला आम्ही बायका वाडीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला बसतो. मंडळाच्या मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला, आणि नव्यासाठी पैसे जमेपर्यंत सूर द्यायला काहीतरी हवं होतं. म्हणून मी घरी जुळवलेली एक लाकडी पेटी देवापुढे आणून ठेवली. तिच्यात तारा नाहीत, भाता नाही. थोडे ट्रान्झिस्टर, दोन-तीन आयसी, कंडेन्सर आणि एक लहान स्पीकर, एवढाच तिचा जीव. बटण दाबलं की षड्ज-पंचम सुरू होतात आणि बंद करेपर्यंत थांबत नाहीत.

आमच्या आक्का वयानं आणि मानानं सगळ्यांत मोठ्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, हिला श्वास कुठाय? देवापुढे जे वाजतं ते कुणाच्या तरी दमानं वाजावं." त्या रागावून बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या शांतपणे बोलल्या, म्हणून त्यांचं म्हणणं मनात राहिलं.

माझी नोकरी सगळी सीप्झमध्ये झाली. अंधेरीचं ते निर्यात क्षेत्र १९७३ साली सुरू झालं, आणि पुढे लालबाग, परळ, दादर, माहीमच्या कितीतरी मुली सकाळच्या लोकलनं तिथल्या कारखान्यांत जाऊ लागल्या. पीसीबीवर पार्ट बसवायचे, डाग द्यायचे, भिंगाखाली तपासायचे. त्यांतली मी एक. गाणं घरातून आलं होतं, कथील कारखान्यातून. निवृत्तीनंतर दोन्ही एकत्र आली, आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी सुराची पेटी करायला बसले.

ऑसिलेटर कसा चालतो, ते मी मंडळाला चाळीच्या नळावरून सांगितलं. कंडेन्सर म्हणजे हंडा. त्यात वीज बारीक धारेनं भरत जाते. काठोकाठ आली की सर्किट हंडा एका झटक्यात उपडा करतं आणि पुन्हा धार सुरू होते. हे भरणं-सांडणं सेकंदाला साधारण २०८ वेळा झालं की आमची काळी चार, म्हणजे आमच्या षड्जाची पट्टी, ऐकू येते. धार जाड केली की हंडा लवकर भरतो आणि सूर चढतो. कच्चा सूर फार खरखरीत असतो, म्हणून पुढे फिल्टर लावून त्याचे वरचे कर्कश स्वरांश कापायचे. आक्कांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. पण त्यांचा प्रश्न विजेबद्दल नव्हताच, तो पूजेबद्दल होता.

तेव्हा मी शार्ङ्गदेवाकडे वळले. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. तो स्वतः राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, वैद्यकही जाणत होता. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या माणसानं नादाबद्दल इतकं खोल लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी त्याचा पहिला अध्याय पुन्हा पुन्हा वाचला.

तो सांगतो की नाद दोन प्रकारचा आहे, आहत आणि अनाहत. आघातातून जन्मतो तो आहत, आघाताशिवाय असतो तो अनाहत. अनाहताची उपासना मुनी करतात, ती मुक्ती देते, पण तिच्यात रंजन नाही. आहत नाद लोकांना आनंद देतो आणि भवसागरही तारून नेतो, म्हणून आपण त्याचं शास्त्र सांगतो, असं तो म्हणतो. कानाला गोड लागणाऱ्या नादालाही त्यानं मोक्षाच्या वाटेवर जागा दिली, याबद्दल भजन म्हणणाऱ्या प्रत्येक बाईनं त्याचे आभार मानावेत. माणसाच्या देहात नाद कसा उठतो, तेही तो क्रमानं सांगतो. आत्म्याला बोलायची इच्छा होते, तो मनाला जागं करतो, मन देहातल्या अग्नीला ढोसतं, अग्नी वायूला हलवतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक अशा वाटेनं मुखातून बाहेर येतो. आक्कांचा 'दम' तो हाच. त्यांनी 'रत्नाकर' वाचलेला नाही, पण बोलल्या त्या त्याच परंपरेतून.

मात्र या कसोटीवर तंबोरासुद्धा टिकत नाही. तुणाचं लाकूड, वाळलेला भोपळा, पोलादाच्या आणि पितळेच्या तारा, यांत कुठे श्वास आहे? देहाची वीणा आणि लाकडाची वीणा असा भेद आपल्याकडे फार जुना आहे, आणि जुन्यांनी दोन्ही वीणा मानल्या. लाकडाच्या वीणेला इच्छा नसते, ती बोट लावणाऱ्याची असते. मग लाकडाला जी सवलत दिली ती सिलिकॉनला का नको? तेही शेवटी मातीतूनच, वाळूतून निघतं.

मंडळातल्या तरुण सुनांनी उलट टोक धरलं. एकजण म्हणाली, "मावशी, तुमच्या पेटीत तर कुणी काही छेडतच नाही. मग हा अनाहतच झाला की!" मोबाइलवर अशा ध्वनींचा सुकाळ आहे. अमुक चक्रासाठी अमुक कंपनसंख्या, ४३२ हर्ट्झला विश्वाचा सूर म्हणायचं, रात्रभर लावून झोपायचं. मी तिला बसवून समजावलं. हंडा उपडा होतो तो झटका आघातच आहे. स्पीकरचा कागदी पडदा हवेला सेकंदाला शेकडो धक्के देतो, तोही आघात आहे. कानाला ऐकू आलं ते सगळं आहत, मग ते तारेतून येवो की तारेच्या वेटोळ्यातून. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात योग्याच्या आत उमटणाऱ्या ज्या अनाहताचं वर्णन केलं, ते मोबाइलवरून डाउनलोड होत नाही. आणि आपल्या संगीतात षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. आक्कांचा षड्ज माझ्यापेक्षा खाली आहे, आणि देवानं त्यांच्यावर कधी कमी कृपा केली नाही. आकडा पवित्र मानणं हा व्यापार आहे, आणि त्यात साध्याभोळ्या, आजारानं गांजलेल्या माणसांची फसवणूक होते. त्याबद्दल मला मनापासून चीड आहे.

आणखी एक मोठा युक्तिवाद आमच्या माहीमच्याच मातीत आहे. खाडीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे पंडित होते, आणि सारं अस्तित्व एकच आहे असं मानणाऱ्या इब्न अरबींच्या परंपरेतले होते. डिसेंबरातल्या उरुसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा निघतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते तत्त्वचिंतक होते हे फार थोड्यांना. आपलं अद्वैतही वेगळं काय सांगतं? सगळीकडे तोच असेल, तर ट्रान्झिस्टरमध्येही तोच. मला हे खरं वाटतं. पण भजनाच्या प्रश्नाला ते पुरत नाही, कारण त्या न्यायानं पंख्याची घरघर आणि पाण्याच्या पंपाचा आवाजही देवाचाच. तरी आपण पंपाभोवती बसून अभंग म्हणत नाही. तेव्हा सुरानं भजनात काय करायचं असतं, ते शोधायला हवं होतं.

परकं यंत्र देवापाशी येणं आपल्याला नवं नाही. हार्मोनियम फ्रान्समधून आली. तिचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, येत नाही, अशा तक्रारींमुळे आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पूर्ण टिकली. त्या सगळ्या काळात आमच्या वाड्यांतली भजनं हार्मोनियमच्या पेटीवरच चालली होती. दर्ग्यातली कव्वालीही पेटीवरच. विठ्ठलानं किंवा मखदूमबाबांनी आकाशवाणीचा आदेश मानला नाही.

विजेचं वाद्यही आपल्या भक्तीत केव्हाच शिरलं आहे. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिननं १९४७ साली क्लॅव्हिओलिन नावाचं वाद्य बनवलं. छोटी पट्टी, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच स्वर. ते मुंबईत आलं आणि गिरगावात वाढलेल्या, कच्छी किराणा दुकानदाराच्या मुलाच्या हाती पडलं. ते कल्याणजी. हेमंतकुमार यांनी संगीत दिलेल्या १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात त्यांनी त्यावर जी पुंगी वाजवली, तीच आज साऱ्या देशाची पुंगी झाली आहे. वरातीत बँडवाले तीच धून वाजवतात. नागपंचमीला मनात जी पुंगी घुमते, तीही बहुतेकांच्या मनात व्हॉल्व्हमधून निघालेली असते. सापाला दूध ठेवणाऱ्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिची भक्ती तसूभर कमी झाली नसती.

माझा भाचा रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे. त्यानं मला ऑन्द मार्तनो या वाद्याचं ध्वनिमुद्रण आणून ऐकवलं, तेव्हापासून माझ्या विचाराला वळण लागलं. मॉरिस मार्तनो हा फ्रेंच चेलोवादक. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात बिनतारी यंत्रावर होता. तिथे व्हॉल्व्हच्या शिट्ट्या ऐकताना त्यातून वाद्य करता येईल असं त्याला सुचलं आणि १९२८ मध्ये पॅरिसला त्यानं ते लोकांपुढे वाजवलं. उजव्या हाताच्या बोटात एक अंगठी, ती एका तारेला बांधलेली. अंगठी सरकेल तसा सूर सरकतो, अगदी आपल्या मींडेसारखा, मध्ये कुठे पायरी नाही. डाव्या हाताशी एक कळ. ती जितकी दाबाल तितका आवाज, बोट उचललं की शांतता. त्याच्या एका स्पीकरवर तारा ताणलेल्या असतात. त्या कुणी छेडत नाही, पण सुराबरोबर त्या आपोआप झंकारतात, सतारीच्या तरफेसारख्या. त्याच सुमारास बर्लिनमध्ये ट्राउटवाइननं १९३० ला ट्राउटोनियम केलं, त्यातही धातूच्या पट्टीवर ताणलेली तार बोटानं दाबायची. त्याआधी रशियात थेरेमिननं हाताच्या हवेतल्या हालचालीवर वाजणारं वाद्य केलं होतं. विजेची ही सुरुवातीची वाद्यं अशी हाताला धरून होती. हात नाही तर सूर नाही. कळपट्टीचे आणि आपोआप वाजणारे सिंथेसायझर नंतर आले. आज पुन्हा काही जण त्या जुन्या वाद्यांकडे बघून नवे अ‍ॅनालॉग सिंथेसायझर करतात, फ्रान्समधल्या इओवेव्हचं पर्सेफोनी त्यांतलंच एक. भाचा त्याला हौस म्हणतो. मला वाटतं, आपोआप वाजणारं यंत्र मिळाल्यावर काय हरवलं ते या लोकांच्या लक्षात आलं आहे.

ऑन्द मार्तनो चर्चच्या उंबऱ्याशीही गेलं. ऑलिव्हिए मेस्सियाँ हे श्रद्धावान कॅथलिक संगीतकार १९३१ पासून पुढे सहा दशकं पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. १९४५ मध्ये त्यांची देवाच्या सान्निध्यावरची तीन छोट्या उपासनांची रचना सादर झाली. तिच्यात बायकांचा गायकवृंद आहे आणि सोबत विजेचं हे वाद्य. त्यावर पॅरिसमध्ये मोठं वादळ उठलं. समीक्षकांनी लेखामागून लेख लिहिले. बायकांचं गाणं, विजेचा सूर, समोर देव, आणि त्यावरून भांडण! मला वाडीतलीच बैठक आठवली. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की मेस्सियाँना एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची यादी सापडली होती. आयुष्यभर त्यांनी ते ताल अभ्यासले आणि आपल्या रचनांत गुंफले. १९४९ मध्ये बोस्टनला पहिल्यांदा वाजलेल्या त्यांच्या 'तुरंगलीला' सिंफनीत देवगिरीचे ताल आहेत आणि ऑन्द मार्तनोही आहे. विजेच्या वाद्याला शार्ङ्गदेव मान्य करील का, याची मी एवढी चर्चा करत होते. त्याचे ताल सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच त्या वाद्याच्या शेजारी जाऊन बसले होते.

देशातही अशी भेट झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. तिथे काम केलेल्यांत पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला भेटल्या होत्या. संगीताचा हेतू काय, या त्याच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंकडून ऐकलेलं सांगितलं. मन निवळून शांत करायचं, म्हणजे दैवी प्रभावाला ते मोकळं होतं. केजनं हे उत्तर पुढे आयुष्यभर वागवलं. पखवाजावर बसलेले हात मूगच्या बटणांवर गेले तेव्हा हा हेतू मागे राहिला असेल, असं मला वाटत नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली, भैरव, ललत, यमन, मालकंस. ती तेव्हा चालली नाही, जगानं ती फार उशिरा उचलून धरली. रोलँडच्या एका छोट्या यंत्राला स्वर घसरवायची सोय होती. सिंग यांच्या हाताला ती सोय बरोबर सापडली, कारण त्यांना मींड माहीत होती.

एवढं सगळं विजेच्या बाजूचं मी आक्कांपुढे मांडलं. त्या म्हणाल्या, "ते सगळे वाजवणारे होते गं. तुझ्या पेटीजवळ कोण आहे?"

या वाक्यानं मला माझे वडील आठवले. ते परळच्या गिरणीत होते आणि ओतूरजवळच्या आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताहाला रजा काढून जायचे. सप्ताहात विणा उभा असतो. सात दिवस, रात्रंदिवस, तो कुणाच्या तरी गळ्यात असतोच. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून तो आपल्या गळ्यात घेतो. जमिनीवर टेकवत नाहीत. पहाटे तीनला मंडपात माणसं पेंगत असतात, पखवाज थंड असतो, तेव्हाही विणेकरी उभा असतो. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की टाळ-मृदंगाच्या गजरात त्याचा आवाज तर ऐकूही येत नाही, मग इतकं कशाला? ते म्हणाले होते, "तो कुणी धरलेला असायला हवा." मला तेव्हा कळलं नाही. देवापुढे सूर ठेवायचा म्हणजे त्याच्यापाशी माणूस ठेवायचा, एवढंच ते सांगत होते. तार पितळेची की पोलादाची, हा प्रश्न वारकऱ्यांनी कधी काढला नाही. पहाऱ्याला कोण, हे मात्र ते आधी ठरवतात.

आता देवळांत आरतीचं यंत्र बघा. मोटर, तिला जोडलेला नगारा, झांज आणि घंटा. बटण दाबलं की सगळं एकदम वाजू लागतं. मला ते बघवत नाही. विजेवर चालतं म्हणून नाही, वीज माझं पोट भरणारी आहे. त्या यंत्रानं गावातल्या पोरांना झांज हातात घेण्यापासून सुट्टी दिली, म्हणून. पोर झांज चुकवायचं, मोठी माणसं डोळ्यांनी दटावायची, पुढच्या आरतीला ते सुधारायचं. ती शिकवण संपली. एखाद्या आडगावी म्हातारा पुजारी एकटा असेल आणि त्यानं यंत्र लावलं, तर त्याला मी बोल लावणार नाही. भरल्या वस्तीत, माणसं मोबाइल उंच धरून उभी असताना यंत्र वाजतं, तिथे मात्र उपासना कुणाची चालली आहे, हे मला विचारावंसं वाटतं.

बाजारातला इलेक्ट्रॉनिक तंबोराही मी याच कसोटीला लावते. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकात त्या वाद्यांची सुरुवात केली. तंबोऱ्याला माणूस न मिळणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांचा रियाज त्यामुळे झाला. हे ऋण मोठं आहे. पण आजच्या डिजिटल पेटीचा आणि मोबाइलमधल्या ॲपचा सूर हलत नाही, म्हणून तो ऐकायचंही कारण उरत नाही. मिरजेचा तंबोरा असं न ऐकता बसू देत नाही. पावसाळी हवेत लाकूड बदलतं, तार उतरते, जवारीतलं सूत केसभर सरकलं की झंकार विझतो. गाणारी अभंग म्हणते, पण तिचा एक कान सतत मागे असतो. मणी वरखाली करायचा, खुंटी पिळायची, पुन्हा ऐकायचं. शार्ङ्गदेवानं बावीस श्रुती दाखवायला प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या, त्यातही मोजमाप कानाचंच आहे. दोन तारांच्या मध्ये तिसरा सूर ऐकू येऊ नये, इतकी दुसरी तार चढवायची. ऐकणारा नसेल तर त्या शास्त्राला पायाच नाही.

आणि इथेच माझी कथलाची पेटी तंबोऱ्याच्या बाजूला येऊन बसते. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा सूर स्थिर राहत नाही. ट्रान्झिस्टरमधला व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतो. देवळात समया लागल्या, माणसं दाटली, पंखा बंद झाला, की माझी काळी चार हळूहळू सरकू लागते. षड्ज आणि पंचम एकाच मापानं सरकत नाहीत, म्हणून त्यांच्यात लाटा उठतात. भाच्यानं सुचवलं, "मावशी, एक क्रिस्टल आणि एक चिप टाक, जन्मभर हलणार नाही." मला ते जमतं. कारखान्यात तशी हजारो बोर्डं माझ्या हाताखालून गेली. तरीही मी ते केलं नाही. हललेला सूर कुणाला तरी ऐकू यावा लागतो, आणि ज्या बाईला तो ऐकू येतो ती त्या क्षणी पूर्णपणे तिथे असते. गॅसवर काय ठेवलंय, सून काय म्हणाली, हे तिच्या मनात नसतं. गीताबाईंनी केजला सांगितलेलं मनाचं निवळणं ते हेच, अशी माझी खात्री आहे. सुराचं पावित्र्य त्याच्या धातूत किंवा विजेत नाही, त्याच्यापाशी बसलेल्या माणसाच्या लक्षात आहे. भजनात सुरानं करायचं काम तेवढंच आहे. ज्या यंत्राला ते लक्ष लागतं ते देवापुढे चालेल. जे यंत्र माणसाला उठून जायची मुभा देतं ते नको, मग ते कितीही शुद्ध वाजो.

आक्कांनी यावर तडजोड सुचवली आणि ती मंडळानं मान्य केली. पेटी देवापुढे राहील, पण एकटी नाही. तिचा षड्ज आणि पंचम जुळवायच्या दोन्ही बटणांवर एका बाईचा हात असेल, ती गाणार नाही, फक्त सूर सांभाळील. दोन अभंगांनी पाळी बदलायची, नव्या बाईनं आधीचीला नमस्कार करून जागा घ्यायची. पहिला पहारा आक्कांनी स्वतः मागून घेतला. त्यांना बटणं सापडायला वेळ लागला, पण पंचम हलला की सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं. ज्या सुनेला पेटी अनाहत वाटली होती तीही आता पाळीला बसते. तंबोऱ्याचे पैसे जमत आहेत, तो मिरजेहून येईल तेव्हा त्यालाही हाच पहारा लागू होईल.

तुमच्या मंडळात विजेची पेटी असेल तर ती फेकू नका. आणि तिच्यावर भरवसा टाकून मोकळेही होऊ नका. भजनाच्या अर्धा तास आधी ती सुरू करा, तापू द्या, गाणाऱ्या बायकांच्या गळ्याला लावून घ्या, आणि तिच्यापाशी एक माणूस बसवा. शक्यतो ज्याला अजून गाता येत नाही असा, एखादी लहान मुलगी असली तर फारच चांगलं.